तुम्ही विचारलंत म्हणून: कितव्या वर्षी सांगायचं?

पालकांचं सेशन संपलं की सगळे चपला घालायला बाहेर पडतात आणि एखादी आई मुद्दाम मागे रेंगाळते, पिशवी आवरतेय असं दाखवते, मग जवळ येऊन हळूच म्हणते, "ताई, एक विचारू का? हे सगळं मुलांना नेमकं कितव्या वर्षी सांगायचं हो?" आणि मी तोंड उघडायच्या आत पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच, "आणि लवकर सांगितलं तर पोरं बिघडणार नाहीत ना?" गेली अकरा वर्षं पाथर्डी, शेवगाव, संगमनेर या बाजूला शाळाशाळांमध्ये वयात येण्याबद्दल बोलायला जातेय आणि एकही गाव असं नाही जिथे हे दोन प्रश्न आले नाहीत. दारात उभ्या उभ्या पाच मिनिटांत काहीतरी उत्तर देते, पण एसटीत बसल्यावर वाटत राहतं की अर्धं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून आज नीट बसून लिहितेय, मोठं होईल, पण वाचा.

आधी एक कबुली. या कामात यायच्या आधी मी बावीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननाचा धडा आहे, त्यात मासिक पाळीचं चक्र आहे, आकृत्या आहेत, सगळं व्यवस्थित आहे. आणि तो धडा आला की मी काय करायचे, तर "हे घरी वाचून या, परीक्षेला आकृती येते" असं म्हणून पुढचा धडा काढायचे. आमच्या शाळेत सगळेच तसं करायचे. वर्गात मुलं खाली माना घालून बसायची, मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहायचे. किती पोरांचा एकमेव चान्स मी असा घालवला याचा हिशेब मला आजही लागत नाही, आणि तो सल आहे म्हणूनच हे काम धरलं.

पण समजा मी तो धडा अगदी मन लावून शिकवला असता तरी? दहावी म्हणजे पंधरावं वर्ष. आपल्याकडे मुलींना पाळी सरासरी तेराच्या आसपास येते, बऱ्याच जणींना अकरा-बाराव्या वर्षीच येते. आणि पाळी ही काही सुरुवात नसते, शरीर बदलायला त्याच्या दोन-अडीच वर्षं आधी लागलेलं असतं. म्हणजे बदल सुरू झाला चौथी-पाचवीत, पाळी आली सहावी-सातवीत आणि पुस्तकातला धडा आला दहावीत. पुस्तक पोचेपर्यंत गाडी कधीच निघून गेलेली असते.

सहावीतली एक मुलगी मला आठवते. चाचणी परीक्षा चालू होती, मी त्या दिवशी शाळेत दुसऱ्याच कामाला गेले होते. पेपर संपला, सगळी मुलं गेली आणि ही बाकावरून उठेचना. बाईंनी दोनदा हाक मारली तरी उठेना. मी जवळ जाऊन बसले तेव्हा तिने कानात विचारलं, "मी मरणार का?" तिला वाटत होतं पोटात काहीतरी फाटलंय. सकाळपासून तशीच बसून तिने गणिताचा अख्खा पेपर लिहिला होता. आई आली, तिला जवळ घेतलं आणि रडतच मला म्हणाली, "अजून लहानच होती हो, पुढच्या वर्षी सांगणार होते." या आईला मी कधी दोष दिला नाही आणि देणारही नाही, कारण तिलाही कुणी आधी सांगितलं नव्हतं. पण "पुढच्या वर्षी" हे दोन शब्द मी तेव्हापासून प्रत्येक सेशनला सांगते.

आता वय. इंग्लंडमध्ये जेम्स टॅनर नावाचे डॉक्टर होते, त्यांनी 1948 च्या सुमारास हार्पेंडन गावातल्या एका बालगृहातली मुलं-मुली वर्षानुवर्षं मोजायला घेतली, उंची, वजन, शरीरातले बदल, सगळं ठराविक महिन्यांनी. 1969 मध्ये मुलींवरचा आणि 1970 मध्ये मुलांवरचा त्यांचा पेपर आला आणि आजही जगभरातले बालरोगतज्ज्ञ वयात येण्याचे पाच टप्पे मोजतात ते त्यांच्याच नावाने. (त्या बालगृहातल्या पोरांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला हे वाचताना दरवेळी टोचतो, आजच्या नियमांत तो अभ्यास तसा करताच आला नसता.) पण त्यातून कळलेली गोष्ट फार मोठी आहे. टप्प्यांचा क्रम साधारण सारखा असतो, घड्याळ मात्र प्रत्येकाचं वेगळं. एकाच वर्गातल्या, एकाच वयाच्या दोन मुली, एकीचं सगळं होत आलेलं आणि दुसरीचं सुरूसुद्धा झालेलं नाही, आणि दोघीही पूर्ण नॉर्मल! मुलांची उंची झपाट्याने वाढते ती मुलींच्या मागून जवळजवळ दोन वर्षांनी. सातवीच्या वर्गाचा फोटो काढून बघा, मागच्या रांगेत मुलीच असतात. त्यामुळे "कितव्या वर्षी" याचं एक आकड्यातलं उत्तर शरीराच्या बाजूनेच अवघड आहे.

आणि शरीर हा एकच भाग झाला. डोक्याचं घड्याळ त्याहून वेगळं चालतं. मेंदूचा जो भाग थांबून विचार करतो, परिणाम तोलतो, तो विशीच्या मध्यापर्यंत तयार होत असतो, हे मेंदूचे फोटो वर्षानुवर्षं काढून केलेल्या अभ्यासांतून कळलंय. ऊर्मी, आकर्षण, मित्रांसमोर भारी वाटण्याची ओढ हे मात्र तेरा-चौदालाच जोरात सुरू होतं. अमेरिकेत लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी 2005 मध्ये एक साधा प्रयोग केला, कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा गेम दिला. 13 ते 16 वर्षांची मुलं, 18 ते 22 ची आणि 24 च्या वरची माणसं. एकटं बसवलं तर सगळे बऱ्यापैकी सारखंच खेळले. शेजारी दोन मित्र उभे केले आणि छोट्यांनी धोके घ्यायला सुरुवात केली, कॉलेजच्या वयाच्यांनीही घेतले, मोठ्यांवर मात्र काही फरक पडला नाही. मी हे पालकांना सांगितलं की ते हसतात, कारण सगळ्यांना आपलं पोरगं आठवतं. घरी एकटं असताना त्याला सगळं कळतं. चौकात चार मित्रांत उभं असताना तेच कळलेलं कुठे जातं कोण जाणे. म्हणून नुसती माहिती देऊन भागत नाही. मित्र म्हणाले फोटो पाठव, व्हिडिओ बघ, तिला मेसेज कर, तर काय म्हणायचं, कुठल्या शब्दांत नाही म्हणायचं, हे आधी घरी, शांतपणे, दोन-चारदा बोलून घ्यावं लागतं. आमच्या वर्गांत आम्ही हे नाटक करून घेतो, जोड्या पाडून, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच देतो.

यात एक गोष्ट लवकर वयात आलेल्या मुलींची. स्वीडनमध्ये एरेब्रू शहरात हाकन स्टाटीन आणि डेव्हिड मॅग्नुसन यांनी शाळकरी मुलींचा बरीच वर्षं पाठपुरावा केला. लवकर वयात आलेल्या मुली चौदा-पंधराव्या वर्षी दारू, शाळा बुडवणं, रात्री उशिरा बाहेर राहणं यात जास्त दिसल्या. पण सगळ्या नाही. ज्यांची ऊठबस वयाने मोठ्या मुलामुलींत सुरू झाली त्यांच्यात ते दिसलं. म्हणजे घोळ शरीरात नव्हता. शरीर मोठं दिसतं म्हणून जग तिला मोठी समजून वागायला लागतं आणि आतून ती पाचवीतलीच असते. आपल्याकडेही हेच होतं ना? दहा वर्षांची मुलगी अंगाने भरली की शेजारपाजारचे तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात, घरचे तिला ओढणी देतात आणि खेळायला जायचं बंद करतात. तिने काहीही केलेलं नसतं!

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून 10 ते 14 वयाच्या मुलांवर जगभर एक अभ्यास सुरू केला. त्याचे पहिले निष्कर्ष 2017 मध्ये आले, पंधरा देश, त्यात आपली दिल्लीही होती, साधारण साडेचारशे मुलं आणि त्यांचे आईबाप यांच्याशी बसून गप्पा मारलेल्या. स्कॉटलंड असो, केनिया असो, चीन असो, एक गोष्ट सगळीकडे तीच सापडली. वयात येताना मुलीचं जग आक्रसतं आणि मुलाचं पसरतं. तिला सांगतात सांभाळून राहा, त्याला सांगतात मर्द हो. मी हे वाचलं तेव्हा आमच्या वाड्यातला ओटा डोळ्यापुढे आला. ज्या दिवशी मी बाजूला बसले त्या दिवसापासून माझं लंगडी-खोखो संपलं आणि माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान भाऊ त्याच महिन्यात पहिल्यांदा एकटा यात्रेला गेला. मला कुणी मारलं नाही, रागावलं नाही, फक्त आत्या म्हणाली, "आता तू शहाणी झालीस." शहाणी म्हणजे काय ते मात्र कुणी सांगितलं नाही.

आपल्या भाषेतच बघा ना. मुलीसाठी किती शब्द आहेत, न्हाण आलं, पदर आला, शहाणी झाली, कावळा शिवला, अडचण आहे, बाजूला बसली. एकातही काय झालंय ते नाही. आणि मुलासाठी? मिसरूड फुटलं, आवाज फुटला, संपलं. आत जे बदलतं त्याला एकच शब्द आणि त्यात चक्क "दोष" आहे, स्वप्नदोष. ज्या गोष्टीत काडीचा दोष नाही, जी वयात येणाऱ्या मुलांच्या बाबतीत सहज घडते, तिला आपण नावच असं दिलंय की पोरगा पहिल्याच दिवशी आजारी ठरतो.

आमच्याकडे चिठ्ठ्यांची एक पेटी असते, पत्र्याची, नाव न लिहिता प्रश्न टाकायचा. मुलींच्या चिठ्ठ्या पाळी, पोटदुखी, चेहऱ्यावरचे फोड, कुणीतरी मागे लागलंय याबद्दल असतात. मुलांच्या पेटीतल्या निम्म्या चिठ्ठ्या एकच सांगतात, अशक्तपणा आलाय, धातू (म्हणजे वीर्य) जातो, माझं काय होणार. एकाने लिहिलं होतं, "मी आता पोलीस भरतीत धावू शकेन का?" आठवीतला मुलगा. ही भीती इतकी आपल्या मातीतली आहे की मानसोपचाराच्या पुस्तकांत तिला धात सिंड्रोम असं नाव आहे, 1960 मध्ये डॉ. एन. एन. विग यांनी दिलेलं. भिंतीवर, एसटी स्टँडच्या मुतारीत ज्या "गुप्तरोग" वाल्या जाहिराती असतात ना, त्यांचा सगळा धंदा या मुलांच्या भीतीवर चालतो. एक वाक्य कुणीतरी आधी सांगितलं असतं तर, की बाळा हे नॉर्मल आहे, याने ताकद जात नाही, उंची खुंटत नाही, तर ते पोरगं महिनोन्महिने जळत बसलं नसतं.

आता दुसरा प्रश्न, बिघडणार नाहीत ना?

ही भीती खरी आहे, आईबापाच्या मायेतून येते, तिला मी कधी उडवून लावत नाही. पण तिचं उत्तर आता कुणाच्या मतावर राहिलेलं नाही. युनेस्कोने 2018 मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचना नव्याने काढल्या, त्याआधी जगभरचे पुरावे गोळा करून तपासले, अभ्यासांचे 22 मोठे आढावे आणि 77 असे प्रयोग ज्यात काही मुलांना शिक्षण दिलं आणि काहींना नाही आणि मग फरक बघितला. निष्कर्ष असा की नीट शिकवलेलं लैंगिकता शिक्षण मुलांना लवकर त्या वाटेला नेत नाही, उलट बऱ्याच ठिकाणी सुरुवात लांबते आणि धोके कमी होतात. फक्त "लग्नापर्यंत नाही" एवढंच शिकवणाऱ्या कार्यक्रमांचा मात्र उपयोग दिसला नाही. अमेरिकेत तर मुलांकडून शपथा लिहून घ्यायची मोठी लाट होती. तिथे 1994-95 मध्ये सुरू झालेला हजारो किशोरवयीनांचा एक मोठा अभ्यास आहे, त्याच मुलांना मोठं होईपर्यंत परत परत भेटणारा. त्यात दिसलं की शपथ घेतलेल्यांपैकी काहींनी वाट थोडी जास्त पाहिली, पण शपथ मोडली तेव्हा त्यांनी काळजी कमी घेतली, आणि काही वर्षांनी लैंगिक आजारांचं प्रमाण शपथ घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत सारखंच निघालं.

या अभ्यासाची जन्मकथा सांगायलाच हवी. त्याच्या आधी तसाच एक सर्व्हे मंजूर झाला होता, 1991 मध्ये तो तिथल्या सरकारने रद्द केला, किशोरवयीन मुलांना असले प्रश्न विचारायचेच कशाला म्हणून. आणि आपण? 2007 मध्ये आपल्या विधानसभेत गदारोळ झाला आणि शाळांमधला किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम महाराष्ट्रात थांबवला गेला, आणखीही काही राज्यांनी तेच केलं. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. नवीन पुस्तिका आलेल्या, गठ्ठा तसाच स्टाफरूमच्या कपाटात गेला. मला, आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

आणि हे सगळं त्या राज्यात, जिथे र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून 1953 मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि 1934 मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. नव्वद वर्षं होऊन गेली, माझ्या पत्र्याच्या पेटीत तेच प्रश्न येतात.

अजून एक. "बिघडतील" म्हणताना आपल्या डोळ्यापुढे कॉलेजची पोरं, मोबाइल, प्रेमप्रकरणं असतात. पण आपल्या भागात किशोरवयातलं लैंगिक आरोग्य हा विषय फार मोठ्या प्रमाणात लग्न झालेल्या मुलींचा आहे हो! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, परभणीत 48 टक्के, बीडमध्ये 43.7. मी ज्या गावांत जाते तिथून दिवाळीच्या आसपास अख्ख्या वस्त्या ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षी हात पिवळे करून टाकतात. तिला लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत कुणी काही सांगितलेलं नसतं, कारण सांगितलं तर बिघडेल, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडून सगळं येणं अपेक्षित असतं. अशा एका मुलीने मला विचारलं होतं, "मला नको असेल तर मी सांगू शकते का?" तिला हा प्रश्न पडला हेच मला त्या दिवशी खूप वाटलं.

पण यातून वाटही आपल्याच मराठवाड्यात सापडलीये. पैठण तालुक्यातल्या पाचोड इथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने नव्वदच्या दशकाच्या शेवटी लग्न न झालेल्या किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग सुरू केले, वर्षभर, संध्याकाळी रोज एक तास, आणि शिकवायला गावातल्याच जेमतेम सातवी शिकलेल्या बायका. आरोग्य, शरीर, हक्क, बँकेत कसं जायचं, पोस्टात कसं जायचं, सगळं. काही वर्षांत त्या गावांतलं मुलींच्या लग्नाचं मधलं वय सोळावरून सतरावर गेलं. एक वर्ष म्हणजे काय, असं वाटेल कुणाला. सोळाव्या आणि सतराव्या वर्षातल्या बाळंतपणात काय फरक असतो ते कुठल्याही दाईला विचारा.

सातवी शिकलेल्या बायका, हे लक्षात ठेवा, कारण कोण सांगतं यालाच सगळी किंमत आहे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या गोव्याच्या संगत संस्थेने मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांच्यासोबत बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या 74 शाळांमध्ये एक प्रयोग केला, 2018 मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. काही शाळांत बाहेरून एक साधी, डॉक्टर-मानसतज्ज्ञ नसलेली पण ट्रेनिंग दिलेली व्यक्ती ठेवली, तिला मित्र म्हणायचे, काही शाळांत तेच काम शिक्षकांकडे दिलं आणि काहींत नुसता नेहमीचा कार्यक्रम. मित्र होता तिथे दादागिरी, मारामारी, निराशा कमी झाली, शाळा मुलांना आपली वाटायला लागली. शिक्षकांकडे काम दिलं तिथे काही फरकच नाही! मी स्वतः शिक्षिका, मला हे वाचून वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर आश्चर्य नाही वाटलं. जो माणूस मार्क देतो, आईबापांना बोलावून घेतो, त्याला पोरगं आपली भीती कशी सांगणार? ज्याची भीती वाटत नाही अशा माणसालाच ते सांगतं.

आणि सांगता येणं किती गरजेचं आहे बघा. याच गोव्यात विक्रम पटेल आणि ग्रेसी अँड्र्यू यांनी अकरावीच्या 811 मुलामुलींना विचारलं होतं, तो पेपर 2001 मध्ये आला. मागच्या एका वर्षात कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाला असं सांगणारे होते जवळजवळ एक तृतीयांश. मुलीच नाही, मुलगेसुद्धा. ज्या मुलाला शरीराच्या भागांची नावंच माहीत नाहीत, ज्याला वाटतं की हा विषय काढला की आई रागावते, ते आपल्याला झालेला त्रास कुठल्या शब्दांत सांगणार? आपण गप्प राहून मुलांना वाचवत नाही, त्रास देणाऱ्याला वाचवतो. हे मी कितीही वेळा म्हटलं तरी माझा आवाज चढतो, आणि चढू दे.

मोठ्या मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतात, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 मध्ये आला त्यात अशी केंद्रं आहेत, 10 ते 19 वयाच्या कुणालाही जाता येतं, तिथे समुपदेशक असतात. किती जणांना माहीत आहे? मी एका हॉलमध्ये साठ पालकांना विचारलं, दोन हात वर झाले. अडचणीतल्या मुलीला दवाखान्यात न्यायला लोक घाबरतात, पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागेल म्हणून, अठराच्या आत काही कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे हे खरं आहे. पण 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. हे माहीत नसल्यामुळे मुली अजून भोंदूंकडे जातात. आणि मुलांना स्वतःला फोन करायचा तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तो नंबर मी फळ्यावर लिहिते आणि पुसत नाही.

तर ताई, तुमचा प्रश्न, कितव्या वर्षी. मी काय करते ते सांगते. तीन-चार वर्षांच्या मुलाला आंघोळ घालताना सगळ्या अवयवांची नावं सांगायची, नाक-कान जसं सांगतो तशी, आणि कुणी हात लावलेला आवडला नाही तर ओरडायचं, आजोबा असले तरी. सहा-सातला बाळ कुठून येतं विचारलं तर पोटातून येतं, आईच्या पोटात पिशवी असते, एवढं. जेवढं विचारलं तेवढंच, पण खोटं नाही. आठ-नऊला, म्हणजे चौथीच्या आधी, पाळी काय असते ते मुलीला आणि मुलालाही सांगायचं, पॅड हातात घेऊन दाखवायचं. दहा-अकराला मुलाला रात्री काय होऊ शकतं ते आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही ते. मोबाइल हातात देताना त्यावर काय येऊ शकतं आणि ते खरं आयुष्य नसतं हे, मोबाइल दिल्यानंतर सहा महिन्यांनी नाही, त्याच दिवशी. पुढे आवडणं, नकार देणं, नकार ऐकून घेणं, गर्भनिरोधक, आजार, कायदा, हे तेराच्या पुढे थोडं थोडं, टीव्हीवर काही आलं, गावात काही झालं, की त्या निमित्ताने. एकदा बसवून सगळं सांगून टाकलं आणि सुटलो असं होत नाही, शरीर, डोकं आणि मन वेगवेगळ्या दिवशी मोठी होतात तर आपणही वेगवेगळ्या दिवशीच बोलायला हवं.

उशीर झाला असेल तर? पोरगी नववीत आहे आणि एकदाही बोलणं झालं नाही, असंही खूप जणी विचारतात. मग आजच. सरळ म्हणा, "मला माझ्या आईने काही सांगितलं नव्हतं, मला बोलायला जड जातंय, पण तुला काहीही विचारायचं असेल तर मी रागावणार नाही." आणि खरंच रागावू नका, कारण पहिला प्रश्न ती तुमची परीक्षा बघायलाच विचारेल, एखाद्या मैत्रिणीचं नाव सांगून.

बाबांनी सांगावं की आईने, हेही विचारतात. ज्याला विचारायची त्या पोराला सवय आहे त्याने. एका सातवीतल्या मुलाने मला चिठ्ठीत लिहिलं होतं की मला आजीने सांगितलं, ती गोठ्यात गाईचं वासरू होताना दाखवत होती तेव्हा. त्या चिठ्ठीत प्रश्न नव्हता. नुसतं एवढंच लिहून पेटीत टाकलं होतं.